तेलसम्राटाचा ताळेबंद

ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने पैशाला तुच्छ लेखले, तर कोल्ह्याला द्राक्षे आंबट असे म्हणून लोक त्याचे बोलणे हसण्यावारी नेतात. परंतु ज्याच्या संपत्तीला गणती नाही अशा माणसाने पैशाविषयी चार शब्द सांगितले, की तेच अनुभवाचे बोल ठरतात. अमेरिकन तेलउद्योजक जे. पॉल गेटी यांना असा श्रोतृवर्ग भरपूर लाभला. १९५७ साली ‘फॉर्च्यून’ नियतकालिकाने हयात अमेरिकनांतील सर्वांत श्रीमंत व्यक्ती म्हणून त्यांचे नाव प्रसिद्ध केले. तोपर्यंत हे नाव तेलधंद्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून १९७६ च्या जूनमध्ये वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत पैसा, यश आणि विवाह या तीन विषयांवर त्यांना सतत प्रश्न विचारले गेले आणि त्यांनीही त्यांची उत्तरे संकोच न करता दिली. ‘प्लेबॉय’ मासिकात त्यांनी लिहिलेल्या लेखांतून ‘हाऊ टू बी रिच’ हे पुस्तक १९६५ मध्ये तयार झाले. १९७६ मध्ये ‘अ‍ॅज आय सी इट’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. यशाचा मार्ग दाखविणाऱ्या पुस्तकांचा आज जो सुळसुळाट झाला आहे, त्यात गेटींच्या नावावरची वचने अजूनही हमखास आढळतात.

या वचनांकडे केवळ सुभाषिते म्हणून पाहण्यापेक्षा ती सांगणाऱ्याच्या आयुष्याशी ताडून पाहणे अधिक उद्बोधक आहे. तसे केले असता असे दिसते की, पैसा मिळविण्याविषयी आणि राखण्याविषयी गेटींनी जे सांगितले ते बव्हंशी खरे व विचारात घेण्याजोगे आहे. यशाविषयी जे सांगितले ते अर्धे खरे आहे. आणि विवाहाविषयी त्यांनी जी कारणमीमांसा केली ती त्यांच्याच आयुष्यातील नोंदींपुढे टिकत नाही.

संपत्तीची कल्पना

गेटी यांचे पहिले प्रतिपादन असे की, श्रीमंत होणे ही एक गोष्ट आणि श्रीमंत म्हणून जगता येणे ही दुसरी. हातात पैसा खेळणे म्हणजे संपत्ती नव्हे. खरी संपत्ती विहिरी, शुद्धीकरणाचे कारखाने, तेलवाहू जहाजे, जमिनी यांत गुंतलेली असते. ती उत्पादन करते, माणसांना काम देते आणि तिच्या मालकाला रोज तिची चाकरी करावी लागते. संपत्तीचा आकडा ज्याला नेमका सांगता येतो तो खरा अब्जाधीशच नव्हे, असे ते म्हणत असल्याचे सांगितले जाते. त्या उक्तीतील ऐट सोडून दिली तरी तिचा आशय चुकीचा नाही. आपल्याकडे संपत्तीची कल्पना अजून सोन्यानाण्याशी आणि बंद तिजोरीशी निगडित आहे. संपत्ती हे चालते भांडवल आहे, हा विचार त्या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखा आहे.

दुसरे प्रतिपादन गुंतवणुकीसंबंधीचे. सगळे विकत असतील तेव्हा घ्यावे आणि सगळे घेऊ लागले म्हणजे सावध व्हावे, हा त्यांचा नियम. तो सांगायला सोपा, पण आचरणात आणायला अतिशय कठीण आहे. गेटींनी तो आचरला. १९२९ च्या कोसळीनंतर अमेरिकेतील तेलकंपन्यांचे समभाग मातीमोल झाले असताना त्यांनी पॅसिफिक वेस्टर्न आणि पुढे टाइडवॉटर असोसिएटेड या कंपन्यांचे समभाग वर्षानुवर्षे चिकाटीने विकत घेतले आणि त्या मोठ्या कंपन्या ताब्यात आणल्या. न्यूयॉर्कचे पिएर हॉटेल त्यांनी १९३८ मध्ये साडेतेवीस लाख डॉलरांना घेतले. ते बांधायला याच्या चौपटीहून अधिक खर्च आला होता.

धाडसाचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र १९४९ चे आहे. सौदी अरेबिया आणि कुवेत यांच्यामधील तटस्थ विभागात तेल आहे किंवा नाही याची खात्री नव्हती. त्या उजाड वाळवंटात तेल शोधण्याचा सौदी अरेबियाच्या हिश्शाचा हक्क मिळविण्यासाठी गेटींनी इब्न सौद यांच्या सरकारला ९५ लाख डॉलर रोख मोजले आणि तेल सापडो वा न सापडो, दरवर्षी दहा लाख डॉलर देण्याचे कबूल केले. पुढील चार वर्षांत सुमारे तीन कोटी डॉलर वाळूत गेले. या माणसाचे डोके फिरले असे धंद्यातील जाणकार म्हणत होते. १९५३ मध्ये तेल लागले आणि ते इतके लागले की, गेटींची गणना कोट्यधीशांतून अब्जाधीशांत झाली. या व्यवहारासाठी ते अरबी शिकले होते. कामाचा उरक, तपशिलावरची पकड आणि इतरांनी वेड्यात काढले तरी न डगमगणारे मन हे गुण त्यांच्यापाशी होते, हे मान्य केलेच पाहिजे.

यशाचे अर्धसत्य

यशाचे सूत्र विचारले असता पहाटे उठा, कष्ट करा आणि तेल शोधून काढा, अशा अर्थाचे उत्तर गेटी देत असे त्यांच्या नावावर सांगितले जाते. ही थट्टा आहे. पण तिच्यातच त्यांच्या यशविषयक उपदेशाची मर्यादाही दिसते. पहिल्या दोन अटी कोणालाही पाळता येतात. तिसरी कोणाच्या हातातली नाही. ओक्लाहोमात पहाटे उठणारे आणि कष्ट करणारे शेकडो होते. त्यांतील बहुतेकांच्या विहिरी कोरड्या निघाल्या आणि त्यांच्याकडे कोणी यशाचे रहस्य विचारायला गेले नाही.

शिवाय गेटी शून्यातून वर आले नव्हते. त्यांचे वडील जॉर्ज गेटी हे मिनियापोलिसचे वकील. कामानिमित्त १९०३ मध्ये ते ओक्लाहोमाच्या बाजूला गेले असता त्यांनी सुमारे अकराशे एकर जमिनीवरील तेलाचा हक्क पाचशे डॉलरांना घेतला. तेथे तेल लागले आणि कुटुंबाचे दिवस पालटले. मुलाने ऑक्सफर्डमध्ये शिक्षण घेतले. १९१४ मध्ये तो टल्सा येथे धंद्यात उतरला तेव्हा वडील त्याला महिना शंभर डॉलर देत होते. करार असा होता की, भांडवल वडिलांचे. नफ्यात ७० टक्के वाटा त्यांचा आणि ३० टक्के मुलाचा. ‘नॅन्सी टेलर’ या जागेचा लिलाव झाला तेव्हा तरुण पॉलने स्वतः बोली न लावता आपल्या बँकेच्या एका बड्या अधिकाऱ्याला बोली लावायला पाठविले. यामागे कोणी मोठी कंपनी असणार असे समजून इतर लोक गप्प बसले आणि पाचशे डॉलरांत हक्क पदरात पडला. १९१६ मध्ये तेथे तेल लागले. त्याच वर्षी, वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वीच, हा तरुण दहा लाख डॉलरांचा धनी झाला होता.

या चातुर्याचे कौतुक करायला हरकत नाही. मात्र बापाचे भांडवल, बापाची पत, बँकेत ओळख आणि तेलाने भरलेली भूमी या चार गोष्टी ज्याच्या पाठीशी आहेत, त्याने कष्ट व स्वतंत्र विचार यांनाच यशाचे श्रेय दिले, तर ते अर्धसत्य ठरते. ते जाणूनबुजून केलेले खोटे विधान नव्हे. यशस्वी माणसाला आपले कष्ट आठवतात, कारण ते त्याने स्वतः सोसलेले असतात. अनुकूलता मात्र हवेसारखी असते. ती असते तोवर जाणवत नाही.

वडिलांनाही मुलाच्या यशाची खात्री नव्हती, हे विशेष आहे. १९३० मध्ये जॉर्ज गेटी वारले तेव्हा सुमारे एक कोटी डॉलरांच्या मालमत्तेपैकी त्यांनी मुलाला पाच लाख दिले. बहुतेक सर्व मालमत्ता पत्नी सारा हिच्याकडे गेली. तोवर मुलाचे तीन विवाह झाले होते, दोन मोडले होते आणि तिसरा मोडण्याच्या वाटेवर होता. सनातनी वृत्तीच्या बापाला घर न सांभाळणाऱ्याच्या हाती धंदा सोपविणे धोक्याचे वाटले. पुढे मुलाने धंदा तर सांभाळलाच, पण शतपटीने वाढविला. म्हणजे धंद्यासंबंधीची वडिलांची भीती निराधार ठरली. घरासंबंधीची ठरली नाही.

पाच विवाह आणि एक स्पष्टीकरण

गेटी यांचे पाच विवाह झाले. पहिला १९२३ मध्ये, पाचवा १९३९ मध्ये. आणि पाचवाही १९५८ मध्ये संपुष्टात आला. या पाच विवाहांतून त्यांना पाच पुत्र झाले. आपल्या वैवाहिक अपयशाविषयी गेटींनी कधी लपवाछपवी केली नाही. धंद्यात क्वचितच हार खाल्लेला माणूस या एका क्षेत्रात पुन्हा पुन्हा पराभूत झाला याची खंत ते बोलून दाखवीत. एका टिकाऊ विवाहासाठी आपली सारी दौलत आनंदाने देऊन टाकू, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. पण त्याचबरोबर त्यांची कारणमीमांसाही ठरलेली असे. ती अशी की, मोठ्या उद्योगाला वाहून घेतलेल्या माणसाला संसाराला वेळ देता येत नाही. पत्नीला दुसरे स्थान मान्य होत नाही. सबब वैवाहिक सुख ही यशासाठी मोजावी लागणारी किंमत आहे. धंद्यात अपयशी ठरलेल्यालाच स्त्रीचा सहवास टिकविता येतो, असेही एक विधान त्यांच्या नावावर आहे.

हे स्पष्टीकरण ऐकायला भारदस्त वाटते. त्यात अपयशालाही त्यागाचे रूप येते. परंतु घटना काय सांगतात? पाचवी पत्नी टेडी लिंच ही गायिका होती. नोव्हेंबर १९३९ मध्ये रोम येथे विवाह झाला आणि गेटी लगोलग अमेरिकेला परतले. टेडी गायनाचे शिक्षण घेण्यासाठी इटलीत राहिली. पुढे अमेरिका युद्धात उतरली तेव्हा शत्रुराष्ट्राची नागरिक म्हणून तिला तेथे स्थानबद्ध व्हावे लागले आणि १९४२ मध्ये ती मायदेशी पोचली. त्यांना टिमथी नावाचा मुलगा झाला. त्याच्या मेंदूत गाठ झाली. न्यूयॉर्कमध्ये शस्त्रक्रिया झाल्या आणि १९५८ च्या ऑगस्टमध्ये वयाच्या बाराव्या वर्षी तो वारला. १९५१ मध्ये अमेरिका सोडून युरोपात गेलेले गेटी त्याच्या दीर्घ आजारात परत आले नाहीत आणि अंत्यसंस्कारालाही आले नाहीत. टेडीने पुढे, नव्वदी ओलांडल्यानंतर, २०१३ मध्ये आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत मुलाच्या उपचारांच्या खर्चाविषयी नवऱ्याने केलेल्या कुरकुरीची नोंद आहे.

येथे प्रश्न वेळेचा नाही. कामाच्या धबडग्यात घराकडे दुर्लक्ष करणारे लोक सर्व काळी आणि सर्व उत्पन्नगटांत आढळतात. गेटींच्या घरात जे घडले त्याचे मूळ कामाच्या व्यापात नसून, धंद्यातला हिशेब घरच्या माणसांना लावण्याच्या सवयीत आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा मुलगा रोनाल्ड याच्या संबंधात मिळतो. तो तिसऱ्या, जर्मन पत्नीचा मुलगा. घटस्फोटाच्या वेळी तिच्या धनाढ्य वडिलांनी मुलीच्या बाजूने भरपाईची तडजोड कठोरपणे लढविली. गेटींनी ते विसरायचे नाही असे ठरविले. १९३४ मध्ये आई सारा हिच्या आग्रहाने कुटुंबाचा विश्वस्त निधी स्थापन झाला. मुलाच्या सट्टेबाज धाडसांतून नातवंडांसाठी काही तरी सुरक्षित राहावे, एवढाच त्या वृद्धेचा हेतू होता. त्या निधीत अन्य मुलांना हिस्सा मिळाला. रोनाल्डला मात्र वर्षाला तीन हजार डॉलरांहून अधिक मिळू नये अशी तरतूद झाली. त्याचा आजोबा श्रीमंत आहे, तो बघून घेईल, हे कारण दिले गेले. त्या आजोबांची मालमत्ता नाझी राजवटीत गेली. भावांना पुढे निधीतून कोट्यवधी मिळू लागले, तरी रोनाल्डचा आकडा तीन हजारांवरच राहिला. ही चूक सुधारण्याचे आश्वासन गेटींनी मुलाला दिले. पण ते पाळले नाही. सासऱ्यावरची वसुली मुलाच्या खात्यावर टाकण्यात आली. यात काम, वेळ किंवा उद्योगाची मागणी यांचा काही संबंध नव्हता.

चार टक्के व्याज

१९७३ हे वर्ष गेटी घराण्याला अत्यंत अशुभ ठरले. जूनमध्ये थोरला मुलगा जॉर्ज अकाली वारला. १० जुलै रोजी सोळा वर्षांचा नातू जॉन पॉल गेटी तिसरा याचे रोममधून अपहरण झाले. अपहरणकर्त्यांनी १ कोटी ७० लाख डॉलर मागितले. गेटींनी नकार दिला आणि कारण जाहीरपणे सांगितले: आपल्याला चौदा नातवंडे आहेत, एकासाठी एक पैसा दिला तर चौदाही पळविली जातील.

या नकारासाठी गेटींना जगाने दगड मारले; पण न्याय करायचा तर त्यांची बाजूही मांडली पाहिजे. अपहरण हा मुलाने स्वतःच रचलेला बनाव असावा अशी शंका सुरुवातीला पोलिसांनाही होती. इटलीत त्या काळी अपहरण हा धंदाच होऊन बसला होता आणि प्रत्येक चुकत्या झालेल्या खंडणीतून पुढच्या अपहरणाला भांडवल मिळत होते. १९९१ मध्ये खुद्द इटलीच्या सरकारने कायदा करून अपहृताच्या कुटुंबाची मालमत्ता गोठविण्याची तरतूद केली, ती याच विचाराने. तेव्हा खंडणी न देण्याच्या भूमिकेत तत्त्वतः चूक होती असे म्हणता येणार नाही. एखादा आजोबा आपल्या तत्त्वासाठी काळजावर दगड ठेवून अखेरपर्यंत ठाम राहिला असता, तर त्याला कठोर म्हटले गेले असते, पण त्याच्या भूमिकेचा आदर करावा लागला असता.

घडले ते वेगळेच. नोव्हेंबरमध्ये रोमच्या ‘इल मेसाजेरो’ या वृत्तपत्राकडे एक पाकीट आले. टपाल कामगारांच्या संपामुळे ते तीन आठवडे वाटेतच अडकले होते. त्यात मुलाचा कापलेला कान होता. मागणी तीस लाखांच्या आसपास उतरली आणि गेटी पैसे द्यायला तयार झाले. मात्र प्राप्तिकरात जेवढी वजावट मिळू शकत होती तेवढेच, म्हणजे सुमारे २२ लाख डॉलर, त्यांनी स्वतः दिले. उरलेली रक्कम त्यांनी मुलाच्या बापाला, म्हणजे स्वतःच्या मुलाला, कर्जाऊ दिली. व्याजाचा दर होता चार टक्के. १५ डिसेंबरला दक्षिण इटलीत मुलाची सुटका झाली. योगायोगाने तो आजोबांचा एक्याऐंशीवा वाढदिवस होता. आभार मानण्यासाठी नातवाने दूरध्वनी केला तेव्हा आजोबा बोलायला आले नाहीत, अशी हकीकत नोंदली गेली आहे.

त्या वेळी ऐपतीचा प्रश्न नव्हता. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर अवघ्या काही महिन्यांत तेलाचा भाव चौपट झाला. भारतातील मध्यमवर्गीय घरांना त्याची झळ रॉकेलच्या रांगेत लागली. ज्यांच्या मालकीचे तेल जमिनीखाली होते, त्यांच्या मालमत्तेचे मोल त्याच महिन्यांत वाढत होते. अशा वेळी आठ-साडेआठ लाख डॉलर मुलाच्या नावे कर्जखात्यावर टाकणे याचा अर्थ एवढाच की, हा व्यवहार अन्य कोणत्याही व्यवहारासारखाच होता. एक पैसाही देणार नाही, ही तत्त्वाची भाषा होती. वजावटीपुरते देईन, ही हिशेबाची भाषा होती. तत्त्व सुटले तेव्हा त्याच्या जागी माया यायला हवी होती. तेथे हिशेब आला.

आपल्याकडे अशा माणसाचे वर्णन चमडी गेली तरी चालेल पण दमडी जाता कामा नये, या म्हणीने केले जाते. गेटींच्या बाबतीत ते अपुरे आहे. सरे परगण्यातील सटन प्लेस या ट्यूडरकालीन वाड्यात पाहुण्यांसाठी नाणे टाकून बोलण्याचा दूरध्वनी बसविल्याबद्दल त्यांची जगभर टिंगल झाली. वाड्याची दुरुस्ती चालू असताना येणारे-जाणारे दूरवरचे दूरध्वनी करीत आणि बिले भरमसाट येत, हा त्यांचा खुलासा अगदीच गैरवाजवी नव्हता. शिवाय ज्याने अज्ञात वाळवंटात तीन कोटी डॉलर न डगमगता घातले, त्याला कंजूष कसे म्हणावे? ते पैसा खर्च करायला भीत नव्हते. मोबदल्यावाचून देणे मात्र त्यांना जमत नव्हते. धंद्यात हा गुण आहे, कारण तेथे प्रत्येक देण्याला घेणे असावेच लागते. संसार मात्र मुळातच एकतर्फी देण्यावर उभा असतो. आजारी मुलाच्या उशाशी बसणाऱ्या बापाला त्याचे काही उत्पन्न मिळत नाही.

वारशाचा न्याय

गेटींच्या मृत्युपत्राला एकवीस पुरवण्या होत्या. मर्जीत असलेल्यांची नावे घालायची आणि मर्जी उतरली की वगळायची, हा क्रम अखेरपर्यंत चालला. नातवाच्या खंडणीसाठी कर्ज घेणाऱ्या जॉन पॉल या मुलाला त्यात पाचशे डॉलर ठेवलेले होते. घराण्याच्या तेलसंपत्तीचा आरंभ ज्या रकमेने झाला, तोच हा आकडा होता. संपत्तीचा फार मोठा भाग, सुमारे ७० कोटी डॉलरांचे समभाग, त्यांनी आपल्या कलासंग्रहालयाला दिला. कॅलिफोर्नियातील हे संग्रहालय प्राचीन रोमन हवेलीच्या धर्तीवर बांधून १९७४ मध्ये खुले झाले. ते गेटींनी स्वतः कधीही पाहिले नाही. आज तेथे आणि १९९७ मध्ये लॉस एंजेलिसच्या टेकडीवर उभ्या राहिलेल्या दुसऱ्या वास्तूत जगभरचे लोक प्रवेशमूल्य न देता कलाकृती पाहतात. समाजाला मिळालेली ही देणगी लहान नाही आणि तिची नोंद जमेच्या बाजूला केलीच पाहिजे. अनोळखी जगाला उदारपणे देणाऱ्या या माणसाला घरच्यांना देता आले नाही, ही विसंगती मात्र त्यामुळे अधिकच जाणवते.

घरातील हिशेबी वृत्तीचा वारसाही पुढे गेला. सुटका झालेला नातू १९८१ मध्ये अमली द्रव्यांच्या परिणामाने पांगळा झाला. त्याची वाचा व दृष्टीही जवळजवळ गेली. त्याच्या उपचारांचा खर्च मिळविण्यासाठी त्याच्या आईला मुलाच्या बापाविरुद्ध न्यायालयाची पायरी चढावी लागली. तो नातू २०११ मध्ये चोपन्नाव्या वर्षी मरण पावला. परंतु वारसा ही केवळ नियती नसते, हेही याच घराण्यात दिसले. पाचशे डॉलरांचा धनी ठरलेला तोच जॉन पॉल आजीच्या विश्वस्त निधीमुळे पुढे अतिशय श्रीमंत झाला; १९८४ मध्ये गेटी ऑइल कंपनी टेक्सॅकोला सुमारे एक हजार कोटी डॉलरांना विकली गेली तेव्हा त्या निधीत फार मोठी भर पडली होती. त्याने १९८५ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीला पाच कोटी पौंड दिले. लॉर्ड्‌स मैदानावरील १९८७ च्या माउंड स्टँडलाही त्याच्या पैशाचा हातभार लागला. उत्तरायुष्यात तो दानशूर म्हणूनच ओळखला गेला. म्हणजे सट्टेबाज मुलाच्या धास्तीने आईने राखून ठेवलेला पैसा अखेर मोकळ्या हातांनी खर्च झाला.

या साऱ्या कहाणीतून दोन सोयीस्कर निष्कर्ष काढता येतात आणि दोन्ही नाकारले पाहिजेत. पहिला निष्कर्ष मध्यमवर्गाच्या आवडीचा: श्रीमंत दुःखीच असतात, तेव्हा आपले आहे ते बरे. गेटी घराण्याचे दुःख पाहून आपल्या तुटपुंज्या पगारात समाधान मानणे ही आत्मवंचना आहे. दारिद्र्यानेही संसार मोडतात आणि औषधाविना मुले दगावतात. पैसा हे दुःखाचे कारण असते, तर पैसेवाल्यांइतकेच निर्धनही सुखी दिसायला हवे होते. भारतीय परंपरेने अर्थाला पुरुषार्थाचे स्थान दिले आहे ते उगीच नव्हे. दुसरा निष्कर्ष खुद्द गेटींचा: संसाराची राखरांगोळी ही यशाची अटळ किंमत आहे. वरच्या नोंदी पाहता तोही टिकत नाही. रोनाल्डचे तीन हजार वाढविले असते, आजारी टिमथीसाठी एकदा समुद्र ओलांडला असता किंवा खंडणीच्या कर्जावरचे व्याज सोडले असते, तर तेलाची एकही विहीर आटली नसती.

हिशेबी वृत्ती ही अब्जाधीशांचीच मिरास आहे असेही नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ मध्ये होऊनही लग्नाच्या बैठकीत मुलाच्या शिक्षणाचा खर्च वधूपक्षाकडून वसूल करणारा बाप त्याच शाळेत शिकलेला असतो. तुझ्यासाठी इतके केले, त्याचे काय झाले, असे मुलाला दर परीक्षेनंतर विचारणारी आईही त्याच शाळेतली. त्यांच्या खात्यावर रकमा लहान असतात, एवढाच फरक.

गेटींचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्यांनी आपले अपयश मान्य केले. टिकाऊ विवाहासाठी सारी दौलत देईन, या त्यांच्या उद्गारात खोटेपणा नव्हता. पण त्या उद्गाराची रचनाच पाहण्यासारखी आहे. त्यातही एक सौदा आहे: एवढी रक्कम घ्या आणि एवढे सुख द्या. आयुष्यभर प्रत्येक वस्तूची योग्य किंमत ओळखणाऱ्या या माणसाला, त्या सुखासाठी दौलत कोणी मागितलीच नव्हती, हे अखेरपर्यंत उमगले नाही. टिमथी न्यूयॉर्कच्या रुग्णालयात वडिलांची वाट पाहत होता; त्या भेटीला बोटीच्या तिकिटाहून अधिक खर्च आला नसता.